डब्यातली रानमांजरं

सोमवारी सकाळी कॉफी मशीनपाशी प्रश्न ठरलेला असतो. ‘सो, वीकेण्ड कसा होता?’ कुणी लोणावळ्याला जाऊन आलेलं असतं, कुणी एका रात्रीत अख्खी सिरीज संपवलेली असते. माझं उत्तर गेले कित्येक महिने एकच, ‘भिवंडीत होते.’ यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर जी सहानुभूती उमटते ना, तिची मला आता सवय झालीय. लोअर परळच्या आमच्या ऑफिसात भिवंडी म्हणजे दोनच गोष्टी. एक, ट्रॅफिक. दोन, तुमची ऑनलाइन ऑर्डर जिथे अडकून पडते ते गोडाऊन.

पण एका शनिवारी मी नक्की काय करत होते हे खरं सांगितलं असतं, तर एचआरने थेट केबिनमध्ये बोलावून घेतलं असतं. मी पलंगावर मांडी घालून बसले होते आणि मोबाइलच्या टॉर्चने रायफलच्या रिकाम्या पुंगळ्यांच्या पोटात डोकावत होते.

घाबरू नका, सांगते.

बाबा गेले तेव्हा आमच्या घरात एक रायफल होती. लायसन्सवाली, कायदेशीर. मूळची पणजोबांची. ते तानसा तलावाच्या पाइपलाइनवर छोटी-मोठी कंत्राटं घ्यायचे आणि १९४७ मध्ये इंग्लंडला परत निघालेल्या कुठल्याशा साहेबाने ती त्यांना विकली, असं घरात सांगतात. माझ्या आयुष्यात मी तिचा आवाज एकदाही ऐकला नाही. ती घराबाहेर पडायची फक्त निवडणुकीच्या वेळी. आचारसंहिता लागली की बाबा तिला जुन्या धोतरात गुंडाळून पोलीस स्टेशनला जमा करायला न्यायचे आणि निकाल लागला की परत आणायचे. एखाद्या आजारी आत्याला डॉक्टरकडे नेऊन आणावं, तसं!

बाबांनंतर आठ दिवसांत आम्ही ती रीतसर जमा केली. लायसन्सधारक गेला की हत्यार विनाविलंब जवळच्या पोलीस स्टेशनला किंवा लायसन्सवाल्या डीलरकडे जमा करायचं, असं शस्त्र कायदा सांगतो. पुढे वारसाला आपल्या नावावर लायसन्स मागता येतं. वारस मी एकटीच. पण आत्याचं म्हणणं, ‘अगं, मुलीच्या नावावर बंदूक? लोक काय म्हणतील? त्यापेक्षा दादाच्या नावावर करू.’ दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. त्याला रायफल हवी होती, पण कशासाठी ते मला चांगलं माहीत होतं. त्याच्या मोबाइलमध्ये दुसऱ्याच कुणाची तरी बंदूक खांद्यावर घेतलेले त्याचे अकरा फोटो आहेत. मोजलेत मी.

आणि मग माळा आवरताना तो डबा सापडला. बिस्किटांचा जुना, पत्र्याचा. त्यात चौदा रिकाम्या पुंगळ्या आणि मुठीत मावेल असा पोलादाचा एक ठोकळा. ठोकळ्याला आरपार भोक, पण सरळ नाही. आत निमुळतं होत गेलेलं. भिवंडीत वाढलेल्या कुठल्याही मुलीला जे वाटेल तेच मला वाटलं, लूमचा पार्ट असणार. आमच्याकडे पोलादाची ओळख न पटणारी प्रत्येक वस्तू लूमचा पार्टच असते.

पुंगळ्या मात्र मी ओळीने मांडल्या. लांबी सगळ्यांची सारखी, आकार सारखा. खाली रुंद धड, मग खांदा, मग बारीक मान. बुडावरची अक्षरं वाचायला भिंग घेतलं. पाचांवर ‘किनॉक’ आणि ‘.३१८’. बरोबर, रायफल .३१८ वेस्टली रिचर्ड्स बोअरची. बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्स कंपनीने १९१० मध्ये काढलेलं हे काडतूस, आफ्रिकेत आणि हिंदुस्थानात शिकारीसाठी एकेकाळी जाम पॉप्युलर. पण उरलेल्या नवांवर वेगळंच काहीतरी होतं. ‘एस एल ४३’. बस्स, एवढंच.

‘एस एल’ म्हणजे काय याच्यामागे मी दोन रात्री लागले होते. अप्रेझलचा फॉर्म तसाच पडून होता, तो सोडून. उत्तर मिळालं तेव्हा मी चक्क उठून उभी राहिले. एस एल म्हणजे सेंट लुईस. अमेरिकेतला सेंट लुईसचा लष्करी काडतूस कारखाना, आणि ४३ म्हणजे १९४३. ही अमेरिकन सैन्याची थर्टी-ओ-सिक्स काडतुसं, दुसऱ्या महायुद्धातली. त्यांचा आमच्या इंग्लिश रायफलशी संबंध काय? थर्टी-ओ-सिक्सची गोळी .३०८ इंचाची, आमच्या रायफलची .३३० इंचाची. पुंगळीच मुळात दोन मिलिमीटरहून जास्त लांब. ती या रायफलमध्ये बसायलाच नको!

आता तो टॉर्च. काडतुसाच्या बुडात मध्यभागी एक टिकली असते, प्रायमर. बंदुकीची पिन तिच्यावर आपटते, ठिणगी आतल्या दारूपर्यंत जाते. ती जायला पुंगळीच्या तळाशी भोक लागतं. ब्रिटिश काडतुसांत बहुधा दोन बारीक भोकं असतात, अमेरिकन काडतुसांत मधोमध एकच. गंमत म्हणजे दोन भोकांची पद्धत बर्डन नावाच्या अमेरिकन माणसाची आणि एका भोकाची पद्धत बॉक्सर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याची. दोन्ही देशांनी एकमेकांची उचलली. मी टॉर्च मारला. किनॉकच्या पाच पुंगळ्या, दोन-दोन भोकं. बाकी नऊ, एकेक. म्हणजे अमेरिकन पितळ, पण अंगावर कपडे इंग्लिश. कुणीतरी थर्टी-ओ-सिक्सची मान फुगवून, खांदा बदलून, लांबी छाटून त्या नवांचं .३१८ केलं होतं.

हे करणारे जगभर हजारो लोक आहेत, हे मला तेव्हा कळलं. एका काडतुसाची पुंगळी घ्यायची, तिची मान आवळायची किंवा रुंदावायची आणि कुठल्याच कंपनीच्या कॅटलॉगात नसलेलं नवं काडतूस तयार करायचं. अशा घरगुती जातीला इंग्रजीत नाव आहे वाइल्डकॅट, रानमांजर! तिच्या मापाची नळी असलेली बंदूक बनवून घेतली तरच ती चालते, दुकानात ती मिळत नाही. कधीकधी एखादं रानमांजर इतकं लोकप्रिय होतं की कंपनी त्याला घरात घेते. ए. ओ. नीडनर यांनी १९२० च्या सुमारास थर्टी-ओ-सिक्सचीच मान आवळून केलेलं .२५-०६ तब्बल एकोणपन्नास वर्षं रानात फिरलं आणि १९६९ मध्ये रेमिंग्टनने ते आपलं म्हटलं. काटेकोर बोलायचं तर आमची .३१८ रानमांजर नाही, ती चांगली खानदानी. पण खानदान बुडाल्यावर तिला कपडे शिवून द्यायची वेळ आली की काम तेच, हत्यारं तीच, चुकाही त्याच.

या सगळ्या प्रकाराला आपल्याकडच्या कायद्याचाही हात लागलाय. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इंग्रज सरकारने हिंदुस्थानात .४५० बोअरच्या रायफलींना बंदी घातली. भीती ही, की जुन्या सरकारी मार्टिनी-हेन्री रायफली बंडखोरांच्या हाती आहेत, त्यांना या गोळ्या वापरता येतील. झालं! लंडनच्या बंदूकवाल्यांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईकच गेलं. मग त्यांनी .५०० ची पुंगळी घेऊन तिची मान .४६५ पर्यंत आवळली आणि ‘.५००/४६५’ असं दोन मजली नाव देऊन ती इकडे पाठवली. ज्या मार्टिनी-हेन्रीची एवढी धास्ती होती तिचं स्वतःचं काडतूस काय होतं? ‘.५७७/४५०’. म्हणजे तीसुद्धा दुसऱ्याच पुंगळीची मान आवळूनच केलेली.

असो. माझा प्रश्न साधा होता. आमच्या घरातल्या नऊ पुंगळ्या कुणी केल्या?

तो पोलादी ठोकळा पर्समध्ये टाकून मी गल्लीच्या टोकाच्या लेथच्या वर्कशॉपमध्ये गेले. आता ते नातू चालवतो, पण त्याचे आजोबा, आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणतो, अजून रोज दुपारी दारात खुर्ची टाकून बसतात. वय अडुसष्टच्या आसपास. मी ठोकळा त्यांच्या हातात दिला. म्हटलं, ‘चाचा, ये कौनसे लूम का है?’

त्यांनी तो उलटसुलट केला, अंगठा भोकात घातला आणि फिरवला. बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, ‘लूम का नहीं है बेटा. ये अब्बा का है.’

डाय होती ती. पुंगळी आकारात दाबून बसवायचा साचा. चाचांच्या वडिलांनी माझ्या आजोबांसाठी १९६८ मध्ये केलेली. साठच्या दशकात किनॉकने जुन्या शिकारी रायफलींची काडतुसं एकेक करत बंद करायला घेतली होती. आजोबांना .३१८ मिळेना. कुठून तरी भंगारातून अमेरिकन पुंगळ्या मिळाल्या. कुठून ते चाचांना आठवत नव्हतं. युद्धात अमेरिकन फौज भारतात होती, ती गेल्यावर तिचा माल इथेच विकला गेला. आजोबांनी त्या नऊ पुंगळ्या आपल्या दोस्तापुढे ठेवल्या आणि विचारलं, होईल का?

दोस्त लूमच्या पार्टचा कारागीर. बंदुकीतलं ओ का ठो कळत नव्हतं. पण त्याने रायफल मागून घेतली, गंधक वितळवून तिच्या नळीच्या मागच्या पोकळीत ओतलं, गार झाल्यावर अलगद काढलं. झाला नळीच्या पोटाचा अचूक ठसा. त्यावरून डाय. मला हे ऐकताना आमच्या ऑफिसातला ‘रिव्हर्स इंजिनिअरिंग’वरचा दोन दिवसांचा वर्कशॉप आठवला. बुफे लंच होतं त्याला.

‘पीतल को जबरदस्ती नहीं चलती,’ चाचा सांगत होते. पितळ दाबलं, ताणलं की कडक होतं, फुटतं. पुंगळीचं पितळ म्हणजे साधारण सत्तर टक्के तांबं, तीस टक्के जस्त. मान फुगवायच्या आधी ती तापवून मऊ करावी लागते. पण बूड मात्र मऊ होता कामा नये, सगळा स्फोटाचा दाब तिथे येतो. मग करायचं काय? परातीत पाणी घ्यायचं, पुंगळ्या त्यात अर्ध्या बुडतील अशा उभ्या करायच्या, वरून मानेवर ज्योत धरायची आणि रंग पालटला की पाण्यात आडवी पाडायची. लोखंड तापवून पाण्यात बुडवलं तर कडक होतं, पितळ मऊच राहतं. पुंगळ्या परातीत उभ्या करायचं काम दहा वर्षांच्या चाचांकडे होतं. आणि डायमध्ये घालण्याआधी एरंडेल लावायचंही.

मी पर्समधून पुंगळ्या काढल्या. (हो, घेऊन फिरत होते. मूर्खपणा होता, पुढे येतंच ते.) चाचांनी एकेक उचलून बघितली. एकीच्या खांद्यावर छोटासा खळगा होता. तिच्यावर ते थांबले आणि एकदम हसले.

‘ये मैंने बिगाडी थी. तेल ज़्यादा लगाया. अब्बाने कान पकडा था मेरा.’

तेल जास्त झालं की डायमध्ये त्याला जायला जागा नसते आणि ते पितळालाच आत ढकलतं. सत्तावन्न वर्षांपूर्वी एका मुलाने एरंडेल जास्त लावलं, ते अजून दिसत होतं.

तीन पुंगळ्यांच्या मानेला उभ्या, केसासारख्या चिरा होत्या. त्यांची कथा आणखी भारी आहे. हिंदुस्थानातल्या इंग्रज फौजेत पावसाळ्यात काडतुसं आपोआप तडकायची. दारूगोळा घोड्यांच्या पागांमध्ये ठेवलेला असायचा. पावसाची दमट हवा, घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि पितळात आवळून राहिलेला ताण, तिन्ही एकत्र आले की पितळाला चीर. हे कोडं नीट सुटलं ते १९२१ मध्ये. उपाय तोच, ताण काढायला हलकेच तापवणं. आमच्या माळ्याच्या मागच्या भिंतीला लागून पूर्वी म्हशींचा गोठा होता! सहा पुंगळ्यांना बरोब्बर ताव मिळाला असणार, तिघींना थोडा कमी.

‘मग आजोबांनी उडवल्या का या?’ मी विचारलं.

‘एक भी नहीं.’

टिकल्या मिळाल्या नाहीत, .३३० ची गोळी मिळाली नाही. खरंच, नीट पाहिलं तर बुडातल्या टिकल्या त्याच जुन्या, कुठल्या तरी अमेरिकन सैनिकाच्या रायफलची पिन बसलेल्या. पुढे १९७२ चा वन्यजीव कायदा आला आणि शिकारीचा विषयच संपला. एवढा खटाटोप केला आणि एकही बार निघाला नाही.

मी पुंगळ्या डब्यात भरायला लागले तेव्हा चाचा म्हणाले, ‘दादा ने बोल्टवाली बात बतायी थी कभी?’

नव्हती बताई. आमच्याकडे एवढंच सांगायचे की १९७० मध्ये रायफल ‘बिघडली होती’.

मे १९७० मध्ये भिवंडीत काय झालं ते आमच्या पिढीला ओझरतं माहीत असतं. न्यायमूर्ती मादन आयोग, जाळपोळ, कर्फ्यू हे शब्द ऐकलेले असतात. घरात कुणी बोलत नाही. चाचांनी सांगितलं ते असं. दंगल भडकली त्याच संध्याकाळी गल्लीतली काही मंडळी आजोबांकडे आली, रायफल बाहेर काढा म्हणून. आजोबा म्हणाले, बघतो. मागच्या दाराने ते चाचांच्या घरी गेले, धोतराच्या सोग्यातून रायफलचा बोल्ट काढला आणि आपल्या दोस्ताच्या हातात दिला. बोल्ट काढलेली रायफल म्हणजे लाकडाचा दांडका. मग घरी येऊन लोकांना सांगितलं, बिघडलीय. बोल्ट लेथच्या खालच्या खणात, लूमच्या पार्टमध्ये पडून राहिला. तिथे त्याला कुणी ओळखलं नसतं, स्वतः लेथवाल्यानेही नाही. शहर शांत झाल्यावर चाचांनीच तो जेवणाच्या डब्यातून आमच्याकडे पोचवला. वय वर्षं बारा.

‘अब्बा बोलते थे, बंदूक उनके पास, जान मेरे पास,’ चाचा म्हणाले आणि नातवाला चहा सांगितला.

रात्री दादाचा फोन आला. डब्याबद्दल आत्याने त्याला सांगितलं होतं. साहेब एकदम चार्ज! ‘अगं, माझा एक कॉन्टॅक्ट आहे. पुंगळ्या दे, तो भरून देतो. फार्महाऊसवर दोन बार काढू, मस्त व्हिडिओ होईल.’ मी विचारलं, ‘त्या नवातल्या तीन तडकल्यात, माहितीय? मानेत चीर असलेली पुंगळी फुटली की गॅस कुठे जातो?’ तो म्हणाला, ‘तू ना, फारच निगेटिव्ह आहेस.’

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून हाफ डे टाकला आणि एका ओळखीच्या वकिलांना गाठलं. त्यांनी आधी मला फैलावर घेतलं. शस्त्र कायदा १९५९ ची ‘दारूगोळ्या’ची व्याख्या मी वाचलीच नव्हती. त्यात दारूगोळ्याचे सुटे भाग येतात आणि तो बनवायची यंत्रसामग्रीही येते. म्हणजे पुंगळी आली आणि डायही आली. ‘पर्समध्ये घेऊन फिरत होतीस? उद्या एअरपोर्टवर बॅगेत निघालं असतं तर?’ बॅगेच्या कप्प्यात विसरलेल्या एखाद्या काडतुसापायी लोकांना कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्यात, म्हणाले. जाणूनबुजून ताबा होता का, हा मुद्दा तिथे निघतो, पण निघेपर्यंत तुमची फ्लाइट गेलेली असते. वापरायचा हेतू नसलेल्या किरकोळ भागांना कायद्यात सूट आहे, तीही त्यांनी सांगितली. पण सल्ला एकच. ‘स्वतःहून जा, अर्ज लिही, सगळं जमा कर.’

डाय द्यायची म्हणून मी आधी चाचांकडे गेले. ते पाच मिनिटं ती हातात धरून बसले. मग फडक्याने पुसून परत दिली. ‘दे दो. घर में रखने की चीज़ नहीं है.’

वारसाच्या लायसन्सचा अर्ज मी माझ्याच नावाने भरलाय. आत्या बोलत नाही. अर्ज मंजूर होईल की नाही ते यथावकाश कळेल. नाहीच झाला तर रायफल निकामी करून घेता येते का, तेही विचारून ठेवलंय. दादाने माझा नंबर म्यूट केलाय, ते एक बरं झालं.

पोलीस स्टेशनात हवालदारसाहेब रजिस्टर घेऊन बसले. वय पन्नाशीचं, चष्मा नाकावर, वर पंखा कुरकुरत होता. त्यांनी लिहिलं, ‘रिकाम्या पुंगळ्या, नग १४.’

मी म्हटलं, ‘साहेब, पाच वेगळ्या आणि नऊ वेगळ्या लिहाल का?’

‘काय फरक पडतो मॅडम? दिसायला सगळ्या सारख्याच आहेत की.’

मी मोबाइलचा टॉर्च लावून एक त्यांच्या हातात दिली, मग दुसरी. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, एक डोळा मिटला आणि आत पाहिलं. दोन्ही पुन्हा पाहिल्या. मागच्या टेबलावरचा शिपाईही उठून आला.

‘हिला एकच भोक आहे,’ हवालदार म्हणाले.

मग त्यांनी आधीची ओळ खोडली, शेजारी सही केली आणि नवीन लिहायला घेतली.